चाव्यांच्या जुडग्यातली बॅटरी

आईचे डोळे जात होते आणि मी महाडच्या बाजारात बॅटऱ्या बघत फिरत होते. आज हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. तेव्हा मात्र मला वाटत होतं की मी आईसाठी फार मोठं काम करतेय.

बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायचे ते सेल. मला हवी होती ती करंगळीएवढी, चावीच्या कड्यात अडकवता येणारी. चायनाच्या मालाबरोबर तशा बॅटऱ्या तेव्हा नुकत्याच यायला लागल्या होत्या. मोबाइलही लोकांच्या खिशात दिसायला लागले होते, पण आईच्या वाडीत रेंज नव्हती, आणि असती तरी आईने तो हातात धरला नसता.

वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. एसटी सोडते तिथून पाऊण तास चढायचं. पंधरा-सोळा घरं आणि त्यातल्या अकरा घरांना कुलूप. माणसं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला यायची, चार दिवस धुमाकूळ घालायची आणि जाताना घराची चावी आईच्या हातात द्यायची. असं करत करत आईच्या कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा जमला होता. चालली की खुळखुळ वाजायचा. चाव्या नुसत्या सांभाळायच्या नव्हत्या. दर अवसेला तिन्हीसांजेला एकेक बंद घर उघडायचं, देवापुढे दिवा दाखवायचा, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. एका घरापासून सुरू केलं आणि मग बाकीच्यांनी गृहीतच धरलं. "दिवा नाय दावला तर घर रुसतं गो," एवढंच तिचं म्हणणं. पहिल्या घराला उजेड असायचा, अकराव्या घराशी पोचेपर्यंत काळोख पडायचा.

डोळ्यांचं सुरू झालं ते त्याच्या दोनेक वर्षं आधी. पण गंमत बघा, गंमत कसली, माझं कर्म, तिला सुई ओवता यायची. तांदळातला खडा दिसायचा. आणि बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या मात्र लाथेने उडायचा. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. एकदा तर अंगणात उभ्या असलेल्या म्हशीवर जाऊन धडकली. मी चिडले होते. "सुई ओवतेस आणि एवढी मोठी म्हैस दिसत नाही तुला? लक्ष कुठे असतं?" ती कपाळ चोळत म्हणाली, "म्हसच मधी आली." आम्ही दोघी हसलो. हसलोच.

मग वाडीने ठरवलं की मोतीबिंदू आहे. आमच्याकडे डोळ्याला दुसरं काही होतच नाही, म्हाताऱ्या माणसाला मोतीबिंदूच होतो. आणि तो पिकावा लागतो. वरच्या घरातल्या काकांचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. "कच्चा काढायचा नाय. कच्चा काढला तर डोळा जातो. माझा पांढरा फटफटीत झालता, तवा काढला. आता पेपर वाचतो." यावर कोण बोलणार? आंबा पिकतो, फणस पिकतो, तसा डोळाही पिकतो. मी शाळेत शिकवणारी बाई. पोरांना विज्ञान शिकवते. मीही घरी गेले की आईला दारात उजेडाला बसवून तिची पापणी वर करून बघायचे. बाहुली काळीभोर. "अजून पांढरं दिसत नाही, आई. कच्चा आहे." ती म्हणायची, "मंग राहू दे."

एवढं होऊनही मी तिला महाडला आणायचा प्रयत्न केला नाही असं नाही. डॉक्टरला डोळा नुसता दाखवू, म्हटलं. ती म्हणाली, गणपती होऊ देत, माणसं यायची आहेत, घरं झाडून ठेवायला हवीत. मग म्हणाली, दिवाळी होऊ दे. मग शिमगा. मुंबईला धाकटा भाऊ होता, त्याला एसटीडी बूथवरून फोन केला की तो म्हणायचा, "ताई, पिकू दे ना, इकडे घेऊन येतो, एकदाच काय ते काढून टाकू." त्याच्या चाळीत एक खोली, त्यात चार माणसं, तो तरी काय करणार. माझ्याकडे राहायला ती तयारच नव्हती. लेकीच्या घरी सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परत, एवढंच तिला मान्य. मुक्काम करायचा म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं करायची. "लोक काय म्हणतील? आणि चाव्या कोण सांभाळील?" मी रागाने एकदा म्हटलं, "त्या मुंबईवाल्यांच्या चाव्या फेक दरीत!" दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. हात धरून ओढत आणायची का तिला? नाही ना आणता येत. आईला नाही ओढता येत.

मग उरली बॅटरी.

घरात वडिलांच्या वेळची तीन सेलची बॅटरी होती, पितळेची. ती धरायला एक हात जायचा. एका हातात तेलाची बाटली आणि तांब्या, दुसऱ्या हाताने चावी शोधायची आणि कुलपाचं भोक शोधायचं. तिसरा हात आणायचा कुठून? त्यातून मला ही अक्कल सुचली की बॅटरी जुडग्यातच हवी. चावीला हात घातला की बॅटरी हातात. मला इतका आनंद झाला होता त्या कल्पनेचा! डॉक्टरकडे नेता येत नाही याचं जे ओझं मनावर होतं ते जणू उतरलंच.

बाजारपेठेत एक घड्याळवाला आहे. घड्याळं दुरुस्त करतो, सेल विकतो, बॅटऱ्या विकतो. दुकानातला सगळा माल छातीच्या वर, कारण खाली पुराची रेघ. त्याच्याकडे मी तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा रिकाम्या हाताने आले. एक चपटी होती, दाबून धरली तरच लागायची. आईचा अंगठा संध्याकाळपर्यंत दुखून बसला असता. एक पिळायची होती, डोकं फिरवलं की लागायची, म्हणजे पुन्हा दोन हात आले. एकीचा उजेड निळा पांढरा, लख्ख, पण तिला लागायचे ते बारीक गोल सेल, आणि ते पोलादपूरला मिळतील याची खात्री नाही. एकीत लाल किरण होता. "ही घ्या बाई, पोरांना आवडते," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझं पोर सत्तरीचं आहे." पावसात पाणी जाईल का, पडली तर फुटेल का, कडी निसटेल का, सगळं मी विचारलं. त्याने एकदा वैतागून बॅटरी पाण्याच्या ग्लासात बुडवून दाखवली. ती बंद पडली.

घरी आमचे हे म्हणायचे, "एवढी चिकित्सा लग्नाच्या वेळी केली नाहीस." मी म्हटलं, "तेव्हा करायला हवी होती, त्याचंच वाईट वाटतं." असं सगळं हसण्यावारी चाललं होतं.

शेवटी उन्हाळ्यात आई एका लग्नाला महाडला आली. लग्न आटोपून परतीच्या गाडीला वेळ होता. डॉक्टर तेव्हा मनातही आला नाही, डोक्यात बॅटरीच. म्हटलं चल, तूच निवड. दुकानात स्टुलावर बसवलं. घड्याळवाल्याने काचेवर पाच-सहा बॅटऱ्या मांडल्या. मी सांगत होते, ही बघ हलकी, ही बघ उजेड जास्त. ती एकेक उचलायची आणि कानाशी नेऊन बटण दाबायची. नारळ घेताना हलवून कानाशी धरतात ना, अगदी तसं. एकीचं रबराचं बटण होतं, आवाजच नाही. ती तिने लगेच परत ठेवली. दुसरी, तिसरी. चौथी लोखंडी, जाडजूड, पिवळ्या बल्बची. तिचं बटण दाबलं की टिक्क असा खणखणीत आवाज. परत दाबलं की परत टिक्क.

"हीच दे," ती म्हणाली.

"अगं, हिचा उजेड बघ किती मंद आहे! सगळ्यांत टाकाऊ आहे ती. उजेड बघून घे ना, आवाज काय बघतेस?"

"उजेड काय गो, सगळ्यांचाच पडतो. ही वाजते. लागली का इझली ते समजतं."

घड्याळवाला हसला. म्हणाला, "आजींचं बरोबर आहे. हिला साधा पेन्सिल सेल लागतो, कुठेही मिळेल." मग माझीही हरकत उरली नाही. त्याने ती जुडग्यात अडकवून दिली. स्टँडपर्यंत ती टिक्क टिक्क करत आली, भर उन्हात. लोक बघत होते. मी म्हटलं, "आई, सेल संपेल," तर म्हणाली, "वाजतो छान."

मग पाऊस आला. महाडचा पाऊस म्हणजे आमचा अर्धा जीव सावित्री नदीच्या पाण्यावर असतो. सामान माळ्यावर चढवा, उतरवा, शाळा बंद, शाळा सुरू. श्रावणात मी वर गेले नाही. गणपतीत दोन दिवस गेले, पण तेव्हा सगळी घरं उघडी, माणसांनी भरलेली, दिव्यांची माळ लागलेली. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून नारळ खवत होती. मी विचारलं, बॅटरी कशी आहे? "झ्याक हाय," म्हणाली. मला फार बरं वाटलं.

त्या दोन दिवसांत एकदा ती अंगणात माझ्याशेजारी बसली होती. आमच्या अंगणातून समोर लांबवर कशेडी घाट दिसतो. आम्ही लहान असताना संध्याकाळी घाटातल्या ट्रकचे दिवे मोजायचो, तीच शिकवायची मोजायला. ती म्हणाली, "आताशा गाड्या कमी झाल्या घाटात." मी मागे वळून कुणाच्या तरी पोरावर ओरडत होते. न बघताच म्हटलं, "रेल्वेवर ट्रक चढवून नेतात हल्ली, म्हणून असेल." शाळेतल्या बाईंना सगळ्याचं उत्तर माहीत असतं.

पितृपंधरवड्याच्या अवसेला मी मुद्दाम गेले. माणसं मुंबईला परतली होती, घरं पुन्हा बंद. म्हटलं, तिच्याबरोबर एकदा सगळ्या घरांना फिरू. निघालो. आई पुढे, मी मागे. बांधावर गवत वाढलेलं, दगड शेवाळलेले. ती काठी न घेता चालत होती. पाय कसा टाकायचा ते तिला पाठ होतं, पन्नास वर्षांची वाट. पहिल्या घराशी तिने जुडग्याला हात घातला. टिक्क. बॅटरी डाव्या हातात कुलपावर धरली, उजव्या हाताने चाव्या चाचपल्या, बरोबर चावी काढली, बोटाने भोक शोधलं, कुलूप उघडलं. दिवा, पाणी, कुलूप. टिक्क. दुसरं घर. टिक्क.

तिसऱ्या घराशी माझ्या लक्षात आलं की कुलपावर उजेड नाही.

वाटलं, आत्ताच गेली असेल. "दे इकडे, सेल बघू," म्हटलं. मागचं झाकण मला नखाने निघेना, दाताने काढलं. आत सेल फुटून हिरवा पांढरा थर जमला होता, स्प्रिंग गंजून तुटली होती. एका दिवसाचं काम नव्हतं ते. पावसाच्या सुरुवातीलाच कधीतरी पाणी गेलं असणार.

"आई, ही कधीपासून बंद आहे?"

"बंद कुठं हाय? वाजते की."

मी गंजलेली स्प्रिंग नखाने खरवडत राहिले. तो आवाज तिने ऐकला. तिने हात पुढे करून माझा दंड चाचपला.

"लागत नाय?" ती म्हणाली, "मला वाटलं, बारीक लागते. तू एवढी हिंडून घेतलीस, तुला वाईट वाटंल म्हणून नाय बोलले."

मी त्या परक्या बंद घराच्या पायरीवर बसले. समोर कशेडी घाट होता. गाड्याच गाड्या. खालपासून वरपर्यंत दिव्यांची रांग लागलेली, एकामागे एक, मोजता येणार नाहीत इतके ट्रक. मी तिला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. राहिलेल्या नऊ घरांना आम्ही दिवा दाखवला, कारण तो दाखवल्याशिवाय ती घरी येईना. कुलपं मी उघडली. मला चावी सापडत नव्हती, ती अंधारात हात लावून सांगत होती, ही नाय, ही.

दुसऱ्या दिवशी मी तिला काही विचारलंच नाही. बॅग भरली आणि म्हटलं, चल. माझा चेहरा तिला दिसला नसेल, पण आवाज ऐकला असावा. निघताना जुडगा कमरेला होताच.

महाडात डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात, पुराच्या भीतीने. लाइट गेलेली होती. जिना अंधारा, वर इन्व्हर्टरवर दोन ट्यूब. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, शांत माणूस. त्यांनी आईची हनुवटी मशिनवर ठेवली, औषध घातलं, बराच वेळ बघितलं. मी आपली बाजूला उभी राहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला किती दिवस लागतील, भावाला कधी बोलवावं, शाळेतून रजा कशी काढायची, याचे हिशेब करत होते. माझं तोंड चालूच होतं. "डॉक्टर, आम्ही पिकायची वाट बघत होतो," असंही मी सांगून टाकलं.

त्यांनी आईला सरळ बसवलं, डावा डोळा हाताने झाकायला सांगितला आणि खिशातून छोटी पेनाएवढी बॅटरी काढून उजव्या डोळ्यासमोर धरली. तिच्या बटणाला आवाज नव्हता. लख्ख पांढरा उजेड आईच्या बुबुळावर पडला होता. मला तिथून बुबुळाभोवतीची रेघन् रेघ दिसत होती.

आई मान ताठ करून बसली होती, फोटो काढायला बसवल्यासारखी. डॉक्टर थांबले. आईही थांबली.

"आजी, उजेड दिसतो का?"

"लावा की," आई म्हणाली. "लावलीत की सांगते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या हातातल्या त्या बॅटरीकडे बघत होते. अशीच एक, रबराच्या बटणाची, आईने दुकानात लगेच परत ठेवली होती.

मग त्यांनी मला बाहेरच्या खोलीत नेऊन सांगितलं. मोतीबिंदू आहे, पण थोडाच. हा काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि बाजूची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून घरच्यांना कळत नाही. उजवा गेला. डाव्यात मधोमध थोडं राहिलंय, ते थेंब घालून टिकवायचं बघू. मी विचारलं, "दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर?" त्यांनी चिठ्ठी लिहीत लिहीत सांगितलं, "बरंच राहिलं असतं." मी पुन्हा मूर्खासारखं विचारलं, पिकल्यावर काही करता येत नाही का? ते म्हणाले, "हा पिकत नाही, बाई."

आईचा हात धरून मी जिना उतरायला लागले. लाइट आलेली नव्हती. पहिल्याच पायरीवर तिने कमरेचा जुडगा काढला आणि टिक्क केलं. दवाखान्यात यायच्या आधी तिच्या हट्टासाठी मी ती मेली बॅटरी घड्याळवाल्याकडून स्प्रिंग आणि नवा सेल घालून आणली होती, त्यामुळे ती लागली. उजेड पायऱ्यांवर नाही, भिंतीवर पडला होता. मी तिचा हात धरून हळूच खाली केला.

"दिसतंय ना तुला? बघून उतर," ती मला म्हणाली.

"हो."

चार पायऱ्या उतरल्यावर ती थांबली. तिच्या आवाजात दोन वर्षांत नव्हता इतका आनंद होता.

"काय म्हणाला गो डाक्तर? पिकला ना एकदाचा?"